शेडमधली पद्मिनी आणि जेटात घातलेली तार

आजची नोंद पिकाची नाही, गाडीची आहे. तरी वाचा, कारण यात ठिबकची व्हेंचुरी येणार, फवारणीचं नोझल येणार, आपल्या कारखान्याची मळी येणार. आणि माझी एक चूक येणार, जी मी जवळजवळ वीस वर्षं घरात कुणाला सांगितली नव्हती.

आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये कडब्याच्या गंजीला लागून एक प्रीमियर पद्मिनी उभी आहे. १९८४ ची. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उसाच्या बिलातून घेतलेली. त्या काळी पैसे घेऊन गेलं आणि गाडी घेऊन आलं असं नसायचं. आधी नंबर लावायचा, मग वर्षानुवर्षं वाट बघायची. गाडी आली त्या दिवशी अर्धं गाव बघायला आलं होतं, हे मला चांगलं आठवतंय. पंचवीस वर्षं ती चालली. जेजुरी, पंढरपूर, पुण्याचं मार्केट यार्ड, लग्नं, दवाखाने, सगळं तिनेच केलं.

शेवटी शेवटी ती काळा धूर सोडायला लागली. ॲव्हरेज पडलं, चढाला मिसिंग मारायला लागली. २००९ साली पुण्याहून येताना दिवे घाटात आण्णांना दोनदा थांबावं लागलं. तालुक्याच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी धूर बघितला आणि निकाल दिला: इंजिन बसलं, बोअर करावं लागेल, पिस्टन-रिंगा नव्या. खर्च ऐकून आण्णांनी गाडी शेडमध्ये लावली, ती लावलीच. दर दसऱ्याला तिला धुऊन, झेंडूचा हार घालून, बॉनेटवर हळद-कुंकू लावायचे. चालवायचे मात्र नाहीत. पुढे बारामतीला दवाखान्यात एसटीने जायचे. २०१६ ला ते गेले.

या जानेवारीत भंगारवाला दारात आला. त्याने गाडी वजनावर मागितली. मी हो म्हणणारच होतो, पण पोरगा म्हणाला, "पप्पा, एकदा चालू होते का बघू तरी." शेजारच्या गावात एक जुने मिस्त्री आहेत, सत्तरीच्या पुढचे, मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजात उभी हयात गेलेले. त्यांना आणलं.

मिस्त्री आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पहिला प्रश्न इंजिनाबद्दल विचारलाच नाही. म्हणाले, "काय ओ दादा, टाकीत पेट्रोल कुठल्या सालचं?"

त्या प्रश्नापाशी जरा थांबतो, कारण या गाडीची गोष्ट आपल्या भागाशी जोडलेली आहे आणि ती बऱ्याच जणांना माहीत नसते.

पद्मिनी बनायची मुंबईत कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात. ही कंपनी १९४४ साली काढली वालचंद हिराचंद यांनी. सोलापूरचा माणूस. आपल्या इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर त्यांच्याच नावाचं, कळंबच्या माळावर त्यांनी उसाची शेती आणि साखर कारखाना उभा केला. म्हणजे एकाच माणसाने आपल्याकडे उसाचा कारखाना काढला आणि मुंबईत मोटारीचा. गाडीचं मूळ मात्र इटलीचं, फियाट ११००. इथे १९६४ च्या सुमाराला ती आली ती 'डिलाइट' नावाने, पुढे 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. गावाकडे कुणी पद्मिनी म्हटलंच नाही, सगळे फियाटच म्हणायचे. १०८९ सीसीचं चार सिलेंडरचं इंजिन, स्टिअरिंगला गिअरचा दांडा, आणि इंजिनाच्या डोक्यावर बसलेला एक सोलेक्स कार्बोरेटर. सोलेक्स ही फ्रान्समधली कंपनी, गुदार आणि मेनेसाँ या दोघांनी काढलेली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. मिस्त्रींना ही तारीख तोंडपाठ आहे.

आता कार्बोरेटर. हे यंत्र आपल्याला अवघड वाटतं, पण शेतकऱ्याला ते समजायला पाच मिनिटं पुरतात. ठिबकवर खत सोडायला आपण व्हेंचुरी लावतो ना? पाइप मध्येच बारीक केलेला असतो. त्या बारीक गळ्यातून पाणी जोरात जातं, जोरात गेलं की तिथला दाब पडतो आणि बाजूच्या नळीतून खताचं पाणी आपोआप ओढलं जातं. मोटार नाही, वीज नाही. कार्बोरेटरमध्ये पाण्याच्या जागी हवा आणि खताच्या जागी पेट्रोल. बस. व्हेंचुरी हे एका इटालियन प्राध्यापकाचं आडनाव, त्यांनी १७९७ साली हे लिहून ठेवलं. आपण रोज त्यांचं नाव घेतो आणि ते माणसाचं आहे हे माहीत नसतं.

त्या गळ्याला पेट्रोल सारखं एकाच पातळीला मिळायला हवं, म्हणून शेजारी एक छोटी वाटी असते. तिच्यात फ्लोट. जनावरांच्या हौदाला बॉलकॉक असतो तोच प्रकार: पातळी चढली की फ्लोट वर येतो, पिन बसते, पेट्रोल बंद. उतरली की पिन सुटते, पेट्रोल चालू. वाटीतून गळ्यापर्यंत जाताना पेट्रोल पितळेच्या बारीक भोकातून जातं, ते जेट. हळू चालताना पायलट जेट, जोरात चालताना मेन जेट. किती पेट्रोल जायचं हे त्या भोकाच्या मापावर ठरलेलं. म्हणजे हा ड्रिपरच झाला, फक्त याचं माप मिलीमीटरच्या शंभराव्या भागात असतं. सोलेक्सच्या जेटवर १२५ कोरलं असेल तर भोक १.२५ मिलीमीटरचं.

पहिल्या मोटारींना हे जेट नव्हतं. कार्ल बेंझच्या गाडीत हवा नुसती इंधनाच्या पृष्ठभागावरून नेऊन वाफ उचलायचे. इंधनाचा फवारा उडवायची युक्ती १८९३ च्या सुमाराची, जर्मनीत मायबाख यांनी आणि हंगेरीत बांकी आणि चोंका या जोडीने शोधलेली. हंगेरीत अशी गोष्ट सांगतात की बुडापेस्टला एक फुलवाली नळीने फुंकून फुलांवर पाणी उडवत होती, ते बघून त्यांना सुचलं. खरी असो नसो, मला ती आवडते, कारण फवारणीचा पंप आणि कार्बोरेटर एकाच घरातले आहेत हे तीत दिसतं.

आणि इंधनाची नळी तुंबायची पहिली प्रसिद्ध घटना त्याहूनही आधीची. ऑगस्ट १८८८. बेंझची बायको बर्था, दोन पोरांना घेऊन, नवऱ्याला न सांगता गाडी काढून मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाली. शंभर-एक किलोमीटर. वाटेत इंधन संपलं तर वीसलोख गावात औषधाच्या दुकानातून घेतलं. त्या वेळी ते तिथेच मिळायचं. आणि मध्येच नळी तुंबली, तेव्हा या बाईने डोक्यावरच्या टोपीची लांब पिन काढली आणि नळी मोकळी केली. जगातला पहिला लांब मोटारप्रवास, आणि त्यातच ही दुरुस्ती. ही पिन लक्षात ठेवा. बर्थाबाईंनी ती नळीत घातली होती. मी कुठे घातली ते पुढे सांगतो.

तर मिस्त्रींनी विचारलं, पेट्रोल कुठल्या सालचं. मी म्हटलं, २००९ चं असेल, अर्धी टाकी तशीच राहिली होती. त्यांनी कपाळाला हात लावला.

सेल्फला त्यांनी हातच लावू दिला नाही. म्हणाले, एवढ्या वर्षांनी रिंगा सिलेंडरला धरलेल्या असतात, किल्ली फिरवली की ओरखडे. आधी चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात चमचा-दीड चमचा इंजिन ऑइल सोडलं आणि सांगितलं, उद्या. दुसऱ्या दिवशी गाडी टॉप गिअरला टाकून पोराने आणि मी हळू ढकलली. आधी हललीच नाही, मग एक झटका बसला आणि पंखा फिरला. इंजिन मोकळं होतं. मिस्त्री म्हणाले, बसलेलं इंजिन असं फिरत नाही. मला तिथेच पहिली शंका आली.

मग टाकी. खालचा बोल्ट खोलून पेट्रोल पारदर्शक बाटलीत घेतलं. पेट्रोलचा वास राहिलाच नव्हता. जुन्या रंगाच्या डब्याचा येतो तसला आंबूस वास, रंग चहासारखा. बाटली अर्धा तास ठेवली तर तळाला वेगळा थर दिसला, गढूळ पाण्यासारखा, आणि त्याखाली गंजाचा चुरा.

यात दोन वेगळे रोग आहेत. पहिला म्हणजे शिळेपणा. पेट्रोलमधला हलका भाग सगळ्यात आधी उडून जातो आणि थंड इंजिन पेटतं ते त्या हलक्या भागावरच. उरलेला हवेशी संयोग पावून घट्ट होत जातो, डिंकासारखा. काकवी आटवताना कढईच्या काठाला जे चिकटतं ना, डोळ्यासमोर तेच आणा. दुसरा रोग पाण्याचा. अर्धी टाकी रिकामी म्हणजे आत हवा. दिवसा ती तापते, रात्री गार होते, दमट हवेतलं पाणी आतल्या पत्र्यावर धरतं. आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते पाणी ओढून घेतं. थोडं आहे तोवर मिसळून राहतं, प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याबरोबर तळाला बसतं. गाडीची नळी पेट्रोल ओढते तळातूनच.

टाकी धुतली, नळ्या काढून हवा मारली. त्यानंतर करंट बघितला. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट काळे पडले होते, बारीक पॉलिश पेपर फिरवला आणि प्लगला निळी ठिणगी आली. ठिणगी पिवळी आणि अशक्त असती तर कार्बोरेटर खोलायचा नाही, आधी तेच नीट करायचं, असं मिस्त्रींचं म्हणणं. निम्मे कार्बोरेटर करंटच्या दोषापायी उगाच खोलले जातात.

मग चमच्याची परीक्षा. एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या तोंडात चमचाभर ताजं पेट्रोल सोडलं, क्लीनर परत बसवला (हे विसरू नका, कधी कधी आतून भडका बाहेर येतो) आणि सेल्फ मारला. गाडी धडधडली, दोन-तीन सेकंद चालली आणि बंद पडली. पंधरा वर्षांनी तिचा आवाज ऐकला. आतून आई बाहेर आली.

मला वाटलं झालं. मिस्त्रींना वेगळंच कळलं होतं. इंजिन जिवंत, करंट ठीक, कॉम्प्रेशन पुरेसं. दोष टाकी ते जेट या वाटेवर कुठेतरी. आता ठिबकचा भाग कोरडा राहिला तर आपण काय करतो? विहिरीपासून सुरुवात करतो. मोटार उचलते का, फिल्टर तुंबलाय का, मेनला दाब आहे का, मग सबमेन, मग लॅटरल, सगळ्यात शेवटी ड्रिपर. आधीच ड्रिपर उपटत बसणारा माणूस दिवस घालवतो. मिस्त्री तसेच गेले. कार्बोरेटरला येणारी नळी काढून बाटलीत धरली आणि सेल्फ मारला. बाटलीत पेट्रोलचा थेंब नाही. म्हणजे इंजिनावरचा पंप मेलेला. खोलला तर आतला डायफ्राम वाळून कडक, कडेला चीर. नवा घातल्यावर बाटलीत ठोक्याला चिरकांड्या येऊ लागल्या. तरी गाडी चालेना. बाटलीपर्यंत पेट्रोल येतं, वाटीत जात नाही, म्हणजे फ्लोटची पिन चिकटली.

तेव्हा कुठे कार्बोरेटर उघडला.

वाटीच्या तळाला तपकिरी थर, नखाने निघणारा. जस्ताच्या मिश्रधातूच्या भिंतीला पांढरी भुकटी, खाऱ्या पाण्याच्या नळाला धरते तशी. ते पाण्याचं काम. पिन डिंकाने जागेवरच चिकटलेली. फ्लोट कानाशी धरून हलवला, आत पेट्रोल खळखळत नव्हतं, म्हणजे भोक पडलेलं नव्हतं. पायलट जेटमधून उजेड दिसत नव्हता, पूर्ण बुजलेलं.

शेवटी मेन जेट. मिस्त्रींनी ते पुसलं, उजेडाला धरलं, बराच वेळ बघितलं. खिशातल्या डबीतून त्याच नंबरचं दुसरं जेट काढून शेजारी धरलं. मग मला म्हणाले, "दादा, यात तार कुणी घातली?"

मी घातली होती.

२००६ ची गोष्ट. गाडी उभी असताना बंद पडायची. आण्णा लग्नाला बाहेरगावी गेले होते. मी कार्बोरेटर खोलला, सगळी जेटं काढली, आणि मोटरसायकलच्या क्लच वायरचा एक धागा काढून प्रत्येक भोकातून मागे-पुढे घासला. कचरा निघाला. गाडी छान उभी राहायला लागली, मला फार अभिमान वाटला. आण्णांना सांगितलं नाही, कारण त्यांनी हात लावू नको म्हणून सांगितलेलं. त्याच सुमारापासून गाडी पेट्रोल प्यायला लागली, हे तेव्हा मी जोडूनच बघितलं नाही.

पितळ मऊ, पोलादी तार कडक. भोक खरवडलं जातं. हिशेबाला १.२५ मिलीमीटरचं भोक धरा, ते १.३५ झालं. दिसायला काहीच नाही, केसभर. पण भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे जवळजवळ १७ टक्के जास्त पेट्रोल. फवारणीच्या नोझलमध्ये टाचणी घालू नका, असं कृषी सहायक कानी-कपाळी ओरडून सांगतात ते याच हिशेबाने. नोझल मोकळं होतं आणि औषधाचा डोस बिघडतो. मी नोझलला कधी टाचणी लावली नाही आणि जेटात तार घातली. जेट तुंबलं तर कार्बोरेटर क्लीनर, रात्रभर भिजवणं, कॉम्प्रेसरची हवा, फार तर नायलॉनचा धागा. लोखंड नाही.

मग २००९ चा काळा धूर उलगडला. काळा धूर म्हणजे न जळलेलं पेट्रोल. ऑइल जळत असेल, रिंगा गेल्या असतील, तर धूर निळसर येतो. प्लग काढून बघितला असता तर कोरडी काजळी दिसली असती, ऑइलचा ओला थर नाही. कॉम्प्रेशनही बघता आलं असतं. त्या गॅरेजमध्ये यातलं काही न करता बोअर सांगितलं गेलं, हे खरंच. पण धुराचं मूळ माझ्या हातचं होतं. एका पितळी जेटासाठी गाडी पंधरा वर्षं हार घालून उभी राहिली आणि आण्णा एसटीने गेले. त्या दिवशी संध्याकाळी आईला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "त्यांना माहीत होतं. कार्बोरेटरच्या स्क्रूला पक्कड लागलेली त्यांनी बघितली होती." ते मला का बोलले नाहीत, हे आता कुणाला विचारू?

असो. गाडीकडे येतो, कारण खरी गंमत पुढेच आहे.

मिस्त्रींनी नवं, कंपनीच्या नंबरचं जेट बसवलं. पायलट साफ, पिन नवी, पॅकिंग नवं. ताजं पेट्रोल. पहिल्या-दुसऱ्या सेल्फला गाडी लागली. पण गरम झाल्यावर वेग देताना अडखळायची, मधूनच कार्बोरेटरच्या तोंडातून फट्ट आवाज यायचा. तोंडातून फटका म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, हवा जास्त होतेय. आधी वाटलं खालच्या पॅकिंगमधून हवा धरते. बुडाभोवती थोडं ऑइल सोडून बघितलं, इंजिनाचा आवाज बदलला नाही, म्हणजे हवा कुठून शिरत नव्हती. मिस्त्री म्हणाले, "गाडी १९८४ ची आहे, पेट्रोल आत्ताचं आहे."

या एका वाक्यात चाळीस वर्षं आहेत. आण्णांनी गाडी घेतली तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं. इंजिन ठोकू नये म्हणून शिशाचं संयुग घालायची युक्ती अमेरिकेत १९२१ साली मिजली यांना सापडली आणि सगळ्या जगाने ते विष हवेत सोडलं. आपल्याकडे १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं, ते बरंच झालं. त्यानंतर आपला ऊस पेट्रोलमध्ये शिरला. खरं तर कल्पना जुनी, पॉवर अल्कोहोलचा कायदा १९४८ चा आहे, पण कामाला सुरुवात झाली २००१ साली, मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातलं आंवला-बरेली अशा तीन ठिकाणच्या प्रायोगिक प्रकल्पांनी. तीनातली दोन ठिकाणं आपल्या महाराष्ट्रातली. २००३ पासून नऊ राज्यांत ५ टक्के इथेनॉल. २०२२ च्या जूनमध्ये देश १० टक्क्यांवर पोचला आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर.

मी ऊस उत्पादक आहे, इथेनॉलच्या विरोधात बोलणार नाही. मळीला भाव आला, डिस्टिलरीमुळे कारखान्यांकडे रोख आली, बिलं थोडी वेळेवर व्हायला लागली. पण जे आहे ते आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच. वीस टक्के मिसळलं की आकडा येतो साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन द्यावं लागतं. नव्या गाडीत सेन्सर हे ओळखतो आणि इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. जेटाला डोकं नसतं, ते भोक आहे. १९८४ ला पाडलेलं भोक २०२५ चं पेट्रोलही तेवढंच सोडतं.

शिवाय जुना डायफ्राम, जुने रबरी पाइप इथेनॉलसाठी बनलेलेच नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात, नाहीतर चिरतात. मिस्त्रींनी पेट्रोलचा सगळा रबरी पाइप नवा घालायला लावला, इंजेक्शनच्या गाडीला वापरतात तो. उन्हाळ्यात वाफ धरायचा त्रासही वाढतो. तुमच्यापैकी जुन्या लोकांना आठवत असेल, घाटात फियाट आणि ॲम्बेसेडर बॉनेट उघडून उभ्या असायच्या आणि ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं ठेवायचा. तो हाच रोग, पेट्रोलची नळीतच वाफ होते.

मग मिस्त्रींनी काय केलं? त्याच डबीतून एक पाऊल मोठं जेट काढलं. १२५ च्या जागी १३० असा हिशेब धरा: भोक ४ टक्के मोठं, क्षेत्रफळ ८ टक्के. जेवढं इथेनॉलला हवं तेवढंच. तोंडातला फटका बंद झाला, प्लगचा रंग चार दिवसांनी विटेसारखा आला, ना काजळी ना पांढरा. मी गमतीने म्हटलं, मग माझंच जेट ठेवायचं की, ते मोठंच होतं. मिस्त्री हसले नाहीत. म्हणाले, "तुमचं भोक वाकडं आहे. वाकड्या भोकातून माप येत नाही."

ज्यांच्या शेडमध्ये गाडी नाही पण पेट्रोलचा स्प्रेपंप, ब्रश कटर किंवा छोटा पॉवर वीडर आहे, त्यांनी एवढं करा. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि इंजिन पेट्रोल संपेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे वाटीतलं शेवटचं थेंबही जळेल. टू-स्ट्रोक असेल तर ऑइल मिसळलेलं पेट्रोल पुढच्या हंगामाला ठेवूच नका. आणि चोक ओढल्यावरच मशीन चालतं, चोक सोडला की मरतं, असं दिसलं तर पायलट जेट बुजलंय असं समजा. उभं राहतं पण गवतात घातलं की दम सोडतं, तर मेन जेट किंवा टाकीचा फिल्टर. उभ्या उभ्या पेट्रोल गळतं तर पिन. एकदम वेग दिल्यावर तेवढ्यापुरतंच अडखळतं आणि मग उचलतं, हा मोठ्या कार्बोरेटरमधल्या ॲक्सिलरेटर पंपाचा दोष, लहान मशीनला बहुधा तो नसतोच.

आमच्या पद्मिनीला तोच एक राहिलाय. पाय दाबला की क्षणभर थांबते, मग पळते. डायफ्राम मुंबईहून मागवलाय, कुर्ल्याच्या जुन्या बाजारात मिस्त्रींच्या ओळखीचा एक दुकानदार अजून ठेवतो. जुनं जेट मी फेकलं नाही, आण्णांच्या डायऱ्यांच्या कपाटात ठेवलंय. भंगारवाला परवा पुन्हा येऊन गेला. टाकी सध्या मुद्दाम कोरडी ठेवलीय. डायफ्राम आला की पाच लिटर भरायचं आणि पोराला शेजारी बसवून, पुण्याच्या बाजूने, दिवे घाट चढून बघायचा.